सीपॅप धुतलं, पण वाळलं का?

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं निदान झालं की सीपॅप मशीन घरी येतं: नळी आणि मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र. बसवून देणारा माणूस जाता जाता सांगतो, "आठवड्यातून एकदा साबणाने धुवा." धुणं कुणालाही जमतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जुलै महिन्यात ते वाळवायचं कसं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात त्या दिवसांत दोरीवरचा टॉवेलसुद्धा वाळायचं नाव घेत नाही. मग जवळपास 1.8 मीटर लांब, आतून वळ्यावळ्यांची नळी एका दुपारीत कशी वाळणार? कुबट वास, बुरशी, नळीतली गुळगुळ या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा मळ नसतो, आत राहिलेली ओल असते.

उपकरण तसं साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. हवेचा हलका, सलग दाब देऊन तो उघडा ठेवायचा, एवढंच त्याचं काम. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. मशीनमधला पंखा फिल्टरमधून खोलीतली हवा ओढतो, ती पाण्याच्या टाकीवरून जाते, नळीतून मास्कमध्ये येते. टाकी ओली, नळी दमट आणि मास्कला चेहऱ्याचं तेल, असं रोज रात्री सात-आठ तास चालतं.

धुण्याचं आधी उरकून घेऊ. प्लग काढा आणि टाकीखालची तापणारी प्लेट निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या. मास्कची सिलिकॉनची गादी रोज सकाळी धुवायची, कारण चेहऱ्याचं तेल सिलिकॉनमध्ये मुरून ती हळूहळू सैल आणि चिकट होते. मग कडेने हवा सुटते, डोळ्यांवर वारा लागतो आणि माणूस पट्टे आवळत बसतो. डोक्याला खोबरेल चोपडून किंवा नाकाला व्हॅसलीन लावून झोपणाऱ्यांची गादी लवकर जाते. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा केला तरी बराच फरक पडतो.

नळी, टाकी आणि डोक्याचे पट्टे आठवड्यातून एकदा धुवायचे, सर्दी-खोकला असेल तर नळी आणि टाकी रोज. एक लिटर कोमट पाण्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचे चार-पाच थेंब पुरतात. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच. बंबातलं कढत पाणी थेट घेतलं तर सिलिकॉन आणि प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो. नळीत साबणाचं पाणी भरून दोन्ही टोकं हाताने बंद करायची आणि वरखाली हलवायची, मग वाहत्या पाण्याखाली फेस जाईपर्यंत खळखळून काढायची. गरम होणारी, आत तार असलेली नळी असेल तर तिचं विजेचं टोक पाण्यात किती चालतं ते मशीनच्या पुस्तिकेत आधी बघा. पट्टे पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट, अगरबत्तीच्या वासाचे साबण यांपैकी काहीच नको. त्यांचा अंश आत राहिला तर रात्रभर फुप्फुसात तोच जाणार.

मास्कच्या पुढच्या भागात बारीक छिद्रं असतात, त्यांच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर पडतो. त्यात साबणाचा किंवा क्षाराचा थर बसला तर तीच हवा परत श्वासात येते आणि सकाळी डोकं जड होतं. लहान मुलाच्या मऊ ब्रशने छिद्रं साफ करून मास्क उजेडासमोर धरा. सगळी छिद्रं आरपार दिसली पाहिजेत. सुई किंवा टाचणी घालू नका, छिद्र मोठं झालं की हवेचं गणित बिघडतं.

आता वाळवणं. नळी वाळताना आतली हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते आणि बाष्पीभवन थांबतं. त्यामुळे ती नुसती टांगून उपयोग नाही, आतून हवा फिरली पाहिजे. शिवाय ती टांगतात कशी? दोन्ही टोकं दोन खिळ्यांना अडकवली की मधोमध झोळ पडतो आणि पाणी त्या झोळात जमा होतं. उलट करा. नळीचा मध्य दांडीवर ठेवा, दोन्ही टोकं खाली लोंबकळू द्या. त्याआधी अंगणात जाऊन एक टोक घट्ट पकडून नळी पाच-सहा वेळा गरगर फिरवा. वळ्यांत अडकलेले थेंब भिरकावले जातात. वाळवायला लागणारा निम्मा वेळ इथेच वाचतो.

टांगायचं सावलीत. अथणी-रायबागकडे मार्चनंतर ऊन इतकं कडक असतं की नळी पटकन वाळेलही, पण त्याच उन्हाने प्लास्टिक पिवळं आणि कडक होतं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगू नका, धुराचे कण ओल्या वळ्यांना चिकटतात. रात्री झुरळं आणि मुंग्या आत शिरू नयेत म्हणून टोकांना पातळ सुती कापड रबरबँडने बांधा.

आणि पावसाळ्यात? मशीनचाच पंखा वापरायचा. टाकी पुसून कोरडी करून परत बसवा, हीटर बंद ठेवा, मास्क न लावता नुसती नळी जोडून 15 ते 20 मिनिटं मशीन चालवा. हवेची गळती मोठी आहे असं समजून काही मशीन आपोआप थांबतात, ती पुन्हा सुरू करावी लागतात. बाहेरची हवाच दमट असताना याने काय होणार, अशी शंका येते. पंख्यातून गेलेली हवा मोटरमुळे आणि दाबामुळे काही अंश तापते. समजा खोलीत 24 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता आहे. तीच हवा 29 अंशांवर गेली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास येते. बाष्प तेवढंच, पण हवेची आणखी बाष्प घेण्याची ताकद वाढली. हेअर ड्रायरचा मोह टाळा, त्याच्या उष्णतेने नळी वाकडी होते.

परवडत असेल तर पावसाळ्यापुरती दुसरी नळी घेऊन ठेवावी. एक वापरात, एक वाळत. महागड्या सफाई यंत्रापेक्षा हा खर्च कितीतरी शहाणपणाचा.

टाकीचं पाणी हा वेगळाच विषय. टाकीत साधारण 300 ते 400 मिली पाणी मावतं. हवा पाण्यावरून वाहते आणि वाफ घेऊन जाते, विरघळलेले क्षार मात्र खालीच उरतात. म्हणून जड पाण्याने फुप्फुसापेक्षा टाकीचं जास्त नुकसान होतं. बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी येतं, ते त्या मानाने हलकं. बोअरच्या जड पाण्याने मात्र काही दिवसांतच तळाच्या धातूवर पांढरा थर दिसायला लागतो. थर उष्णता अडवतो आणि त्याच्या खरबरीत अंगावर जिवाणूंना घर मिळतं. उकळून गाळलेल्या पाण्यातले जंतू मरतात आणि काही क्षार खाली बसतात, बाकीचे विरघळलेलेच राहतात. आरओचं पाणी एखाद-दुसऱ्या दिवसाला ठीक. नेहमीसाठी औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच घ्या. इन्व्हर्टरच्या दुकानातल्या बॅटरीच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, पण ते जंतुविरहित असेल याची हमी नसते, म्हणून ते नको.

थर धरलाच असेल तर 100 मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 900 मिली पाणी घालून टाकी अर्धा तास भरून ठेवा, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. पितळेची भांडी उजळतात म्हणून चिंच लावू नये, तिचा गर सांध्यांत अडकून आंबतो. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं आणि टाकी उघडी वाळवायची, "अजून निम्मं आहे" म्हणून वर भर घालायची नाही. टाकीत गुलाबी, बुळबुळीत थर दिसला तर तो जिवाणूंचा, तो साबणाने निघतो. काळे ठिपके आले आणि घासूनही गेले नाहीत, तर टाकी बदला.

थंडीत रात्री नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो, नाकात थेंब उडतो. टाकीतली गरम, दमट हवा गार नळीत आली की दवासारखं पाणी सुटतं. नळी पांघरुणाखाली घ्या किंवा तिला कापडाची खोळ शिवा, आर्द्रता एक आकडा खाली आणा आणि मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा, म्हणजे पाणी मास्कऐवजी टाकीकडे परत जाईल.

फिल्टरचं वेळापत्रक पुस्तिकेत असतं, पण ते आपल्याकडचा गळीत हंगाम बघून लिहिलेलं नसतं. उसाचा पाला पेटवतात तेव्हा काजळी घरात येते. निपाणीकडे तंबाखूची बारीक धूळ असते. या दिवसांत फिल्टर दर आठवड्याला काढून बघा. करड्या स्पंजचा फिल्टर धुता येतो, पण तो पूर्ण कोरडा झाल्यावरच बसवायचा, नाहीतर ओल थेट पंख्याकडे ओढली जाते. पांढरा, कागदासारखा फिल्टर कधीच धुवायचा नाही, काळवंडला की टाकून द्यायचा.

ओझोन किंवा अतिनील किरणांनी साफ करणाऱ्या पेट्या ऑनलाइन दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांच्याबद्दल सावध केलं होतं: ओझोन नळीत रेंगाळला तर श्वासनलिकेला त्रास होऊ शकतो. पुढे जून 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या फोमचे कण सुटत असल्यावरून आपली बरीच मशीन परत मागवली, तेव्हा ओझोनने तो फोम लवकर खराब होऊ शकतो हेही सांगितलं. जुनं मशीन कुणाकडून घेत असाल, तर त्याचा सिरियल नंबर परत मागवलेल्या मशीनच्या यादीत आहे का ते आधी तपासा. आणि गाडीत घालून ते घरी आणताना टाकी काढून रिकामी करा. आडव्या मशीनमधलं पाणी मोटरमध्ये शिरलं तर दुरुस्तीला मशीनच न्यावं लागतं.