न विचारता मिळणारा एकमेव क्रमांक

बँकेत टोकन यंत्रातून येते, म्हणून दोघांच्या हाती एकच क्रमांक पडत नाही. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यातल्या संदेशांनाही कुठलेतरी मुख्य कार्यालय असाच क्रमांक देत असेल, हा समज मला वारंवार भेटतो. पण १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचलेल्या या जाळ्याला मुख्य कार्यालयच नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रूप्स या गूगलच्या चर्चा-सेवेने अंग काढून घेतले, तरी यूजनेट चालू राहिले.

इथे प्रत्येक सर्व्हर शेजाऱ्याला विचारतो, ‘हा मेसेज-आयडी (संदेशाची एकमेव ओळख) तुझ्याकडे आहे का?’ नसेल तर संदेश पुढे जातो, असेल तर थांबतो. म्हणजे दोन संदेशांचा आयडी एकच निघाला, तर उशिरा पोचलेला संदेश मुकाट्याने नाकारला जातो. अर्ध्या जगाला एक संदेश दिसेल, उरलेल्याला दुसरा!

मग न्यूजरीडर, म्हणजे यूजनेटवरचे संदेश वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्राम, कोणालाही न विचारता एकमेव आयडी कसा बनवतो? आयडीचे दोन भाग असतात, मध्ये ‘ॲट’चे चिन्ह. उजवीकडे डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याचे नाव, त्यामुळे धडक झालीच तर घरातल्या घरात. डावीकडे आधी वेळ: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. इसवी सन २००० उजाडले (ग्रीनिचच्या वेळेने), तेव्हा हा आकडा ९४६६८४८०० होता. दहा अंक आणि सव्वीस इंग्रजी अक्षरे मिळून ३६ चिन्हे वापरली, की तोच आकडा ‘एफ-एन-एम-क्यू-ओ-०’ असा सहा चिन्हांत मावतो. मला ही युक्ती फार आवडते.

एकाच सेकंदात दोन संदेश निघाले तर? त्यासाठी ६४ बिटांची यादृच्छिक संख्या जोडतात. तिच्या शक्यता सुमारे १८ वर १८ शून्ये इतक्या. मात्र धडक दोन ठरावीक संदेशांत नव्हे, कुठल्याही जोडीत होऊ शकते, आणि जोड्या भराभर वाढतात. २३ जणांत कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते ती याचमुळे. त्यात ग्रहयोग शोधणाऱ्यांनी आधी जोड्या मोजाव्यात, २५३ भरतात. ६४ बिटांत निम्मी शक्यता गाठायला एकाच सेकंदात, एकाच डोमेनवरून सुमारे ५०० कोटी संदेश लागतील.

हे गणित संख्या खरोखर यादृच्छिक असेल तरच खरे. प्रोग्रामने तिचे बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, घड्याळातूनच घेतले, तर एकाच सेकंदाला सुरू झालेले दोन संगणक तीच संख्या काढतात. त्यात दोघांनीही उजवीकडे ‘लोकलहोस्ट’ (प्रत्येक संगणक स्वतःला ओळखतो ते नाव) लिहिले, तर आयडी हुबेहूब जुळलाच.

स्वतःचे डोमेन नसलेल्या न्यूजरीडरला एक वाट आहे: आयडी न लिहिताच संदेश पाठवायचा, पहिला सर्व्हर स्वतःच्या नावाने तो लावतो. मात्र सर्व्हरची पोच येण्याआधीच जोडणी तुटली आणि न्यूजरीडरने संदेश पुन्हा पाठवला, तर त्याला नवा आयडी मिळतो आणि तोच मजकूर जगभर दोनदा फिरतो.