बायबलमध्ये ‘भिऊ नको’ 365 वेळा आहे का?

नववर्षाच्या शुभेच्छांत हमखास येणारा दावा: बायबलमध्ये ‘भिऊ नको’ 365 वेळा आहे, रोज एकदा पुरेल इतकं. कोणत्याही प्रचलित भाषांतरात हा आकडा जुळत नाही. मोजणी त्याच्या बरीच खाली थांबते. शिवाय इब्री लोकांचं, म्हणजे बायबलमधल्या यहुद्यांचं, चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं. म्हणजे ‘रोज एकदा’चा हिशोब त्यांच्या वर्षाशीही जुळत नाही.

स्वतः मोजायचं तर बायबल ॲपमध्ये नुसतं ‘भिऊ’ शोधू नका. त्यात ‘भिऊन पळाले’सुद्धा येतं. ‘भय’ शोधलं तर ‘परमेश्वराचं भय धरा’ येतं, म्हणजे नेमका उलटा उपदेश! ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’ वेगवेगळं शोधा. तरी यशया 41:10 (यशया या पुस्तकाचा 41वा अध्याय, 10वं वचन) अडवतोच. त्या एका वचनात ‘भिऊ नको’ही आहे आणि ‘घाबरू नको’ही. एक धरायचं की दोन?

खरं तर त्या वचनात आकड्यापेक्षा ‘कारण’ हा शब्द मोलाचा आहे. भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे. यहोशवा 1:9 मध्येही आज्ञेपाठोपाठ सोबतीचं आश्वासन येतं. म्हणून पाठ करताना वचन अर्ध्यावर तोडू नये. नुसतं ‘भिऊ नको’ म्हणजे कोरडा दम.

याच दाव्यातून दुसरा गैरसमज निघतो, की भीती वाटली म्हणजे विश्वास कमी. स्तोत्र 56:3 भीती वाटेल तेव्हाच देवावर भाव ठेवण्याबद्दल बोलतं. करिंथ या ग्रीक शहरात आपण भीत, कापत आलो होतो, हे येशूचा प्रेषित पौल स्वतःच लिहितो (1 करिंथ 2:3). आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तर येशूच व्याकूळ झाला होता.