आक्षेपातून निघालेला नकाशा

1952 साली मद्रास विद्यापीठाला भौतिकशास्त्रासाठी प्राध्यापक हवा होता. कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना सर सी. व्ही. रामन यांनी आपल्या एका विद्यार्थ्याचं नाव सुचवलं: जी. एन. रामचंद्रन. तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण. जन्म एर्नाकुलमचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला, पण रामन यांनी त्याला भौतिकशास्त्राकडे ओढून घेतलं. पुढे तो केंब्रिजहून पीएच.डी. करून परतला होता.

मद्रासला आलेल्या जे. डी. बर्नाल या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञाने बोलता बोलता कोलॅजेनचा विषय काढला. कातडी, हाडं, कूर्चा, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, या सगळ्यांना बळकटी देणारं हे प्रथिन. त्याची रचना तोवर कुणालाच समाधानकारक उलगडलेली नव्हती. केंद्रीय चर्म संशोधन संस्था शेजारीच होती आणि कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था कामाला लागले. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रांचा त्यांना मोठा उपयोग झाला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या घटकांची साखळी. कोलॅजेनमधला जवळजवळ प्रत्येक तिसरा घटक ग्लायसिन असतो, सर्वांत छोटं अमिनो आम्ल. बाकीच्या अमिनो आम्लांना जिथे लहानमोठी बाजूची साखळी असते, तिथे ग्लायसिनला नुसता एक हायड्रोजन. रामचंद्रन यांनी यातून अर्थ काढला की रेणूत कुठेतरी इतकी अडचण आहे की तिथे ग्लायसिनशिवाय दुसरं काही मावतच नाही. 1954 मध्ये त्यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली आणि 1955 मध्ये ती सुधारली: तीन पेडांच्या वेणीसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या तीन साखळ्या, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ग्लायसिन.

लगेच केंब्रिजहून आक्षेप आला. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांचं म्हणणं होतं की या रचनेत काही अणू नको इतके जवळ आलेत, आणि साखळ्यांना एकत्र बांधणारे हलके दुवे, म्हणजे हायड्रोजन बंध, दर तीन घटकांमागे दोन धरलेत तिथे एकच बसतो. बंधांच्या बाबतीत पुढे त्यांचंच खरं ठरलं. तीन पेडांची मूळ कल्पना मात्र मद्रासची.

मला रामचंद्रन यांचं खरं मोठेपण दिसतं ते यानंतर. नुसतं उत्तर देऊन ते थांबले नाहीत. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हेच आधी पक्कं करायचं त्यांनी ठरवलं. तोवर सुटलेल्या छोट्या रेणूंच्या स्फटिकरचनांमधून त्यांनी अणूंमधली अंतरं गोळा केली. मग व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह पुढचा प्रश्न घेतला. प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी मुख्यतः दोनच बंध मोकळेपणाने फिरतात. त्या दोन कोनांना फाय आणि साय म्हणतात. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर, आणि प्रत्येक जोडीला एकच कसोटी: कुठले अणू एकमेकांवर आदळतात का?

1963 मध्ये हा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याचा बहुतेक भाग वर्ज्य निघाला. उरली मोजकी बेटं. उणे 60 आणि उणे 45 अंशांच्या आसपास अल्फा हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी वळलेली साखळी; वर डाव्या कोपऱ्याकडे बीटा रचना, म्हणजे जवळजवळ सरळ ताणलेली साखळी. ग्लायसिनला पुष्कळ मोकळीक, प्रोलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला फारच थोडी. मोठ्या प्रथिनांच्या रचना तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच माहीत होत्या. पुढे शेकड्यांनी सुटल्या, आणि त्यांच्या कोनांच्या जोड्यांचे बिंदूही बहुतांशी याच बेटांवर पडले.

1971 मध्ये रामचंद्रन यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकी विभाग उभा केला. त्याच वर्षी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत, क्ष-किरणांच्या सपाट छायांवरून त्रिमिती चित्र घडवण्याची वेगवान गणिती रीत मांडली. सीटी स्कॅनच्या विकासात तिचं मोल मोठं आहे. 1999 मध्ये स्फटिकशास्त्रातलं मानाचं एवाल्ड पारितोषिक त्यांना मिळालं. नोबेल मिळालं नाही, याची हळहळ वाटते. 2001 मध्ये ते गेले.

प्रयोगशाळांमध्ये त्यांचं नाव आजही रोज घेतलं जातं. प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी सुटलेली असो, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसलेली असो की अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेली, ती रामचंद्रन नकाशावर ताडून पाहिली जाते. वर्ज्य भागात पडलेल्या बिंदूला ‘रामचंद्रन आउटलायर’ म्हणतात. बहुतेकदा तिथे साखळी बसवताना चूक झालेली असते. क्वचित चूक नसतेही: एंझाइम जिथे आपलं काम करतं, नेमक्या त्या जागी साखळी खरोखरच ताणलेली निघते. म्हणून असा बिंदू दिसला की संशोधक मूळ प्रायोगिक माहितीकडे परत जाऊन तेवढा भाग पुन्हा तपासतात.