जुन्या युद्धपटांतल्या चुका आल्या कुठून?

‘मिडवे’ (१९७६) चित्रपटाच्या शेवटाकडे चार्ल्टन हेस्टनचं जायबंदी विमान विमानवाहू जहाजावर उतरायला येतं, डेकच्या कडेवर आदळतं, दुभंगतं आणि आगीचा लोळ उठतो. गोष्ट १९४२ची, विमान पंख्याचं. पण आदळताना चित्र थांबवून पाहिलं तर नाकावर पंखाच नाही. ते एफ९एफ पँथर जेट आहे. १९५१ मध्ये एका अमेरिकी विमानवाहू जहाजावर उतरताना झालेल्या खऱ्या अपघाताचं ते चित्रीकरण. त्या भीषण अपघातातून वैमानिक वाचला होता.

अशा जागा शोधण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हा नमुना पाठ्यपुस्तकासारखा आहे. जुन्या युद्धपटांतल्या बहुतेक चुका निष्काळजीपणातून आलेल्या नाहीत. हाताशी होतं त्यात भागवताना त्या झाल्या.

युद्ध संपल्यावर जर्मन रणगाडे आणि विमानं बहुतांशी भंगारात गेली. पुढे मोठे युद्धपट काढायची वेळ आली तेव्हा ज्या देशाचं लष्कर सामग्री द्यायला तयार, तिथे कॅमेरे गेले. स्पेन त्यात आघाडीवर. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५) तिथे चित्रित झाला. १९४४च्या हिवाळ्यातल्या, बर्फातल्या लढाईची ती कथा, पण शेवटची रणगाड्यांची झुंज कोरड्या, उघड्या माळावर होते. त्यातले जर्मन ‘किंग टायगर’ म्हणजे युद्धानंतर बनलेले अमेरिकी एम४७.

‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधली (१९६९) गंमत मला सर्वांत आवडते. त्यातली जर्मन लढाऊ विमानं स्पेनमध्ये बनलेली आहेत आणि त्यांना रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन आहे, म्हणजे शत्रूच्या, ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाचंच. मूळ जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे धुराच्या नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला यायची. पडद्यावर ती वर दिसते. एकदा लक्षात आलं की दर झेपेत नजर तिथेच जाते.

दृश्य परिणामांचा मामला वेगळा. मॉडेल कितीही बारकाईने करा, पाणी आणि आग लहान करता येत नाही. थेंब तेवढाच राहतो आणि जहाज खेळण्यातलं वाटतं. उपाय एकच, कॅमेऱ्याचा वेग वाढवून हालचाल संथ करायची. हिशेब वर्गमुळाचा: मॉडेल मूळ आकाराच्या १६व्या हिश्शाचं असेल तर वेग चौपट, म्हणजे सेकंदाला २४ऐवजी ९६ फ्रेम. दोन चित्रं एकावर एक बसवायची तर ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, पुन्हा छपाई. तिथे चित्राचा दाणा (खरखरीतपणा) वाढायचा, कडेला निळसर किंवा काळी रेघ उरायची. ‘द डॅम बस्टर्स’मध्ये (१९५५) धरणावर उसळणारे पाण्याचे स्तंभ वरून चिकटवल्यासारखे दिसतात ते यामुळे. त्यातल्या बॉम्बचा आकारही खरा नाही, पण तो दोष तंत्राचा नव्हे. प्रत्यक्षातला बॉम्ब पिंपासारखा होता आणि १९५५ मध्येही त्याचा तपशील गुप्त होता.

संकलकाला हे दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण दोन सेकंदांचा तुकडा म्हणजे ४८ फ्रेम, आणि चित्रपटगृहात रीळ कुणी मागे फिरवत नसे. १९७६ मध्ये व्हीएचएस, म्हणजे घरी चित्रपट पाहायची व्हिडिओ कॅसेट आली, पुढे घरोघरी पॉझचं बटण आलं आणि प्रेक्षकाला संकलकाच्या टेबलावर बसता आलं. माझ्या मते चुका शोधण्याचा छंद खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

त्या नजरेला आजही पुरतात ती ‘टायगर’ या जर्मन रणगाड्याची चाकं. खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात. ‘केलीज हीरोज’ (१९७०) आणि ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) या दोन्हींतले टायगर रशियन टी-३४वर उभे केलेले. बुरूज, तोफ, रंग सगळं जुळतं. खाली पाहिलं की पाच मोठी, सुटी चाकं. ‘फ्युरी’साठी (२०१४) ब्रिटनच्या बॉव्हिंग्टन संग्रहालयाने आपला टायगर १३१ बाहेर काढला, आणि चिखलातून जाताना ती चढलेली चाकं पडद्यावर खरोखर फिरताना दिसली.