कागद, काचेची खोली आणि पालघर

कोकणात खासगी असं फारसं काही कधी नव्हतंच. मुंबईला गिरणीत राबणारा चाकरमानी गावी कागद धाडी. आईला वाचता येत नसे, मग पोस्टमनच पडवीत बसून तो वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. मुलाची नोकरी सुटली हे आईच्या आधी त्याला कळे. तार आली, की ती फोडायच्या आधीच रडारड.

पुढे एसटीडी बूथ आले. काचेची खोली, मीटरचे लाल आकडे, रात्री अकरानंतर पाव दर म्हणून लागलेली रांग. काच नावापुरतीच, ओरडून बोलल्याशिवाय मुंबईला ऐकू जात नसे, त्यामुळे घरचं भांडण रांगेतल्या सगळ्यांना पाठ. पण ते वाडीतच राही, चार दिवसांनी विरूनही जाई.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. खेड्यापाड्यांत ते खऱ्या अर्थानं शिरलं २०१६नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. कायद्याशी गाठ मात्र त्याआधीच पडली होती, तीही कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली! लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ होतं. इतरांना 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असा मजकूर पाठवणंही त्यात येऊ शकत होतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. इतक्या सैल शब्दांत पहाटे आरवणारा कोंबडाही बसला असता. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. २०२१मध्ये न्यायालयानं त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला २४ ऑगस्ट २०१७ला, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये. त्यात कंपन्यांवर बंधनं आहेत. पण कुणी व्यक्तिगत वा घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर तो कायदा लागू नाही. म्हणजे वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या आजारपणाचा रिपोर्ट फिरला आणि संध्याकाळपर्यंत परळ, डोंबिवली, दुबईला पोचला, तर तिथं या कायद्याचा हात पोचणं कठीणच.