तेरावा मणका आणि दोन चाकं

पेडण्यातल्या पत्रादेवीपासून काणकोणातल्या पोळेपर्यंत गोव्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 रात्री भटक्या कुत्र्यांची झोपायची जागा होतो. दिवसभर तापलेलं डांबर उशिरापर्यंत ऊब धरून असतं आणि पाऊस थांबला की भोवतालच्या गवताआधी रस्ता सुकतो. मग एखाद्या पहाटे कुणाला तरी कडेला कुत्रा दिसतो, पुढच्या दोन पायांवर बाकीचं शरीर ओढत चाललेला. ज्यांना राहवत नाही ते त्याला पोत्यावर घालून दवाखान्यात नेतात, नंतर घरी आणतात. जखमा भरतात, कुत्रा खायला लागतो, माणसं ओळखू लागतो, पण मागचे पाय काही उठत नाहीत. तेव्हा घरातला कुणीतरी फोनवर शोधू लागतो: कुत्र्याची व्हीलचेअर कुठे मिळेल आणि केवढ्याला?

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी या कुत्र्याच्या शरीरात काय शाबूत आहे आणि तो कुठल्या जमिनीवर चालणार आहे, एवढं कळलं पाहिजे. ते न पाहता मागवलेली गाडी बहुतेक वेळा अडगळीत जाते आणि दोष कुत्र्याला मिळतो, ‘त्याला गाडी आवडलीच नाही.’

कुत्र्याच्या मानेत 7, छातीत 13 आणि कमरेत 7 मणके असतात. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले असल्यामुळे फारसे हलत नाहीत, कमरेचे मात्र मोकळे असतात. ताठ आणि लवचीक भाग जिथे जुळतात तिथे धक्क्याचा जोर एकवटतो. वाहनाखाली आलेल्या कुत्र्याची पाठ बऱ्याचदा याच सांध्याजवळ, म्हणजे छातीच्या तेराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास मोडते. आतला मज्जारज्जू दबला किंवा फाटला की मेंदूकडून मागच्या पायांकडे जाणारे संदेश तिथेच थांबतात. पाय, त्यांची हाडं, स्नायू सगळं जागेवर असतं, फक्त हुकूम पोचत नाही.

अपघातानंतर असा कुत्रा आणला की अनेकांची एक फसगत होते. त्याचे पुढचे पायही काठीसारखे ताठ झालेले दिसतात. घरच्यांना वाटतं, चारही पाय गेले. प्रत्यक्षात कमरेच्या मज्जारज्जूत काही चेतापेशी असतात, ज्या पुढच्या पायांच्या ताठ करणाऱ्या स्नायूंना सतत आवर घालत असतात. मधली वाट तुटली की हा आवर सुटतो आणि पुढचे पाय ताठ होतात. मॉरित्झ शिफ आणि 1932 च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी चार्ल्स शेरिंग्टन या दोन शरीरशास्त्रज्ञांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते. पुढच्या पायांत शक्ती असते आणि कुत्रा ते स्वतःच्या इच्छेने हलवूही शकतो. गाडी निवडताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण ताठरपणा ओसरल्यावर याला दोनच चाकं पुरणार असतात. पहिल्याच आठवड्यात घाबरून चार चाकांची गाडी घेऊ नये.

दुसरी फसगत उलट्या दिशेची. मागच्या पायाचं बोट दाबलं की पाय झटकन आखडतो आणि घरात आनंद होतो, ‘याला कळतंय!’ पण आखडणं हे काम मज्जारज्जूचा खालचा भाग मेंदूला न विचारता स्वतःच करतो. डॉक्टर बोटाच्या हाडाजवळ चिमट्याने जोरात दाबतात तेव्हा त्यांची नजर पायावर नसते, तोंडावर असते. कुत्र्याने मान वळवली, तो विव्हळला, चावायला धावला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. या खोल वेदनेच्या जाणिवेवर पुढचं भाकीत बरंचसं अवलंबून असतं. ती शिल्लक असेल तर पुन्हा चालण्याची आशा चांगली असते. मणक्याची चकती सरकून ही जाणीव गेली असेल, तर वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास निम्म्याच्या आसपास कुत्रे सावरतात. मणका मोडून, सरकून गेली असेल तर फारच थोडे.

जे सावरत नाहीत त्यांच्यातल्या काहींत एक विलक्षण गोष्ट घडते. चालण्याची लय, म्हणजे एक पाय पुढे तर दुसरा मागे हा ताल, तयार करणारी चेतापेशींची जाळी कमरेच्या मज्जारज्जूतच असतात. मेंदूशी संबंध तुटल्यावरही काही कुत्र्यांमध्ये महिन्यांनंतर ही जाळी जागी होतात आणि कुत्रा अडखळत, डुलत, पण स्वतःच्या चार पायांवर चालू लागतो. पायाखालची जमीन तळव्यांना जाणवत राहणं या जाळ्यांना चेतवतं. म्हणून पायांत थोडीही हालचाल असेल तर गाडीत बसवताना तळवे जमिनीला टेकतील असंच ठेवावं. पाय पूर्ण लुळे असतील आणि घासून सोलपटत असतील तरच ते पट्ट्यांत वर अडकवावेत. केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये 34 पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशाच कुत्र्यांच्या नाकातल्या पेशी वाढवून त्यांच्याच मज्जारज्जूत सोडल्यावर मागच्या-पुढच्या पायांचा ताळमेळ सुधारला होता, मात्र मेंदूशी तुटलेला संबंध जुळल्याचं दिसलं नाही. आपल्या घरातल्या कुत्र्यासाठी आजचा खात्रीचा उपाय चाकांचाच आहे.

इथे एक सावधगिरी. जखम नाही, अपघात कुणी पाहिला नाही, आणि अनोळखी कुत्र्याचे मागचे पाय लटके पडले आहेत, अशा वेळी रेबीजचा विचार आधी करावा. त्याचा एक प्रकार चावरा नसतो, लुळा पाडणारा असतो. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचं मोठं काम झालं आहे आणि 2021 मध्ये सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे. तोंडात हात घालू नये, लाळेपासून दूर राहावं आणि उचलण्याआधी डॉक्टरांना किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला कळवावं. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातूनही पाय जातात, बहुधा स्नायूंच्या सतत उडण्यासोबत.

आता गाडी. तिचं सगळं शास्त्र आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, कुठे आहे यात आहे. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर आणि 40 टक्के मागच्यांवर असतो. आपल्याकडचा 18 किलोचा गावठी कुत्रा घ्या. पुढच्या आणि मागच्या पायांत 50 सेंमी अंतर धरलं, तर त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, पुढच्या पायांच्या 20 सेंमी मागे येतो. चाकांची आस बरोबर मागच्या पायांच्या जागी असेल तर पुढच्या पायांवर पूर्वीइतकेच 10.8 किलो येतात. आस 10 सेंमी मागे गेली तर हाच भार 12 किलो होतो. आस 10 सेंमी पुढे आणली तर तो 9 किलोंवर उतरतो. भंगारवाला हातगाड्यावर माल रचताना जे करतो तेच हे. भार आसेजवळ आला की हाताला गाडा हलका लागतो.

मग आस आणखी पुढे का नेऊ नये? कारण पुढच्या पायांवर काहीच भार उरला नाही तर तळव्यांची जमिनीवरची पकड सुटते. त्यात चढ लागला की गुरुत्वमध्य आसेच्या मागे सरकतो, छाती वर उचलली जाते आणि कुत्रा मागे कलंडतो. डिचोली-सत्तरीच्या चढउताराच्या वाटांवर हे लगेच घडेल. म्हणून सुरुवात मागच्या पायांच्या किंचित पुढे करावी आणि खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहावं. पट्टा बोटांवर दाबत असेल तर आस पुढे हवी, तो वर उचलत असेल तर मागे. ज्या गाडीत आस मागे-पुढे सरकवण्याची सोय नाही ती कितीही देखणी असली तरी मी घेऊ नका म्हणेन. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतले पशुवैद्य लिंकन पार्क्स 1960 च्या दशकापासून कुत्र्यांसाठी अशा गाड्या बनवत होते.

माप घेताना कुत्रा झोपलेला नको. एकाने पोटाखाली पंचा घालून मागची बाजू उचलून धरावी, पाठ सरळ रेषेत आणावी, मग दुसऱ्याने जांघेच्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची, काखेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि कमरेची सर्वांत रुंद जागा मोजावी. उंचीत चूक झाली तर सर्वांत जास्त नुकसान होतं. मागची बाजू उंच राहिली की सगळं वजन खांद्यांवर कोसळतं, खाली राहिली की पाठीला बाक येतो, आणि मोडलेल्या मणक्याला नेमकं तेच नको असतं. नर कुत्र्याला पोटाखालचा पट्टा लघवीच्या जागेवर येत नाही ना हे पाहावं.

परदेशी गाड्यांची चाकं फरसबंद पायवाटांसाठी असतात. गोव्याचं अंगण वेगळं. चिऱ्यांच्या पायऱ्या, लाल चिखल, माडांच्या मुळ्या, किनाऱ्याजवळ वाळू. 20 सेंमी व्यासाच्या चाकापुढे 3 सेंमी उंच दगड आला, तर तो चढायला चाकावरच्या वजनाइतकाच आडवा जोर लागतो. चाक 30 सेंमीचं केलं की त्याच दगडाला तीन चतुर्थांश जोर पुरतो. हा जोर दोन पुढच्या पायांनीच लावायचा आहे, त्यामुळे हा फरक कुत्र्याला दिवसभर जाणवतो. लहान मुलांच्या सायकलची चाकं म्हणूनच चांगली पडतात. वाळूसाठी रुंद, मऊ टायर हवेत, कारण तेवढंच वजन जास्त जागेवर पसरलं की चाक कमी रुततं. दोन्ही चाकं खालच्या बाजूला थोडी फाकलेली असावीत, म्हणजे वळताना गाडी आडवी होत नाही. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील घ्यावं, आणि बेअरिंग बंद प्रकारचे. पीव्हीसीच्या नळ्यांची गाडी स्वस्तात घरी होते आणि प्रयोगासाठी उत्तम आहे, पण ती भाराने वाकते आणि उन्हाने कडक होऊन तडकते.

शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात पहिली चाल शिकवावी, गुळगुळीत फरशीवर नव्हे. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, तीही त्याच्या आवडीचं काहीतरी समोर धरून. गाडीत असताना त्याला बसता किंवा आडवं होता येत नाही, म्हणून सवय झाल्यावरही एकावेळी अर्ध्या तासाच्या आसपास थांबावं आणि त्याला एकटं कधीच सोडू नये. बाहेर काढल्यावर जांघा, काखा आणि छाती उलटवून पाहावी. जिथे जाणीव नाही तिथे पट्टा रुतला तरी कुत्रा तक्रार करत नाही. दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडी लाल होते आणि दमट हवेत दोन दिवसांत जखम होते. आपल्याकडे अशा जखमेवर माशी बसून किडे पडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात पट्टे सुकवायला जास्तीचा एक संच हवाच.

गाडीने न सुटणारा एक प्रश्न आहे, लघवीचा. पाठीच्या या भागात दुखापत झाली की मूत्राशयाची झडप घट्ट आवळलेली राहते, पिशवी तुडुंब भरते आणि वरचं थेंब थेंब सांडतं. घरच्यांना वाटतं, लघवी होते आहे. खरं तर आत साचलेली लघवी कुजून संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडांपर्यंत चढतो. चालू न शकल्यामुळे जेवढे कुत्रे दगावतात असं लोक समजतात, त्यांतल्या अनेकांचं खरं दुखणं हे असतं. दिवसातून तीन-चार वेळा पोट हाताने दाबून पिशवी रिकामी करायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. ते हाताला एकदा बसलं की पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करणारं माणूस घरात नसेल तर गाडी मागवण्यात अर्थ नाही.

गाडी बनेपर्यंत थांबून राहायचं कारण नाही. मणका स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि जखमा भरलेल्या असल्या, तर मोठ्या टबात कमरेइतक्या कोमट पाण्यात उभं करता येतं. तेवढ्या पाण्यात पायांना शरीराच्या वजनाचा सुमारे 38 टक्केच भार पेलावा लागतो, गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात मात्र 85 टक्के. पुढचे पायच दुबळे असतील, हृदय थकलेलं असेल किंवा पाठ अजून दुखत असेल, तर दोन चाकांची गाडी देऊ नये.

राहिला कुठे मिळेल हा प्रश्न. तयार, मापाने लहानमोठी होणारी गाडी ऑनलाइन येते. पण आसगावची इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू किंवा कुडचड्याचं गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट यांसारख्या ठिकाणी आणि आपल्या डॉक्टरांकडे, कुणाची वापरून झालेली गाडी पडून आहे का, हे आधी विचारावं. नाहीतर म्हापशाचा किंवा फोंड्याचा एखादा फॅब्रिकेशनवाला आणि एक सायकलवाला मिळून ती करून देऊ शकतात, मात्र कुत्रा सोबत न्यायला हवा आणि आस सरकवता येईल अशी भोकं पाडून घ्यायला हवीत. पट्टे गादी-सोफ्याचं काम करणाऱ्याकडून मऊ फोम घालून शिवून घ्यावेत. पहिले काही महिने उसनी गाडी मिळाली तर सर्वांत बरं. हालचाल थांबलेले मागचे स्नायू या काळात झपाट्याने सुकतात, खांदे मात्र भरतात. अपघातानंतर लगेच घेतलेलं कमरेचं माप तीन महिन्यांनी ढिलं पडतं, म्हणून कायमच्या गाडीची ऑर्डर तेव्हा पुन्हा मोजून द्यावी.