डिफेन्स स्ट्रक ऑफ आणि त्यातून सुटका

कोर्टानं अमुक तारखेपर्यंत कागद दाखवा, उत्पन्न उघड करा असा आदेश दिला, पार्टीनं तो पाळला नाही आणि कोर्टानं दंडुका उगारला, तर उशिरा का होईना कागद टाकून त्या दंडुक्यातून सुटका मागणं, तो हा विषय. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या भागात, याला कोणी मोठं नाव देत नाही, "डिफेन्स उडाला, आता सेट असाइडचा अर्ज टाका" एवढंच, म्हणजे बचाव रद्द झाला, आता तो आदेश मागे घ्या असा अर्ज करा.

दिवाणी दाव्यात मूळ आहे दिवाणी प्रक्रिया संहितेची (सीपीसी) ऑर्डर 11 रूल 21. कागद दाखवण्याचा किंवा प्रश्नावलीला उत्तर द्यायचा आदेश मोडला तर वादीचा दावा खारीज, प्रतिवादीचा बचाव रद्द. वर दावा असा खारीज झाला की त्याच कारणावर नवा टाकता येत नाही. पण 1978 मध्ये बब्बर सुइंग मशीनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे टोकाचं हत्यार आहे, मुद्दाम आणि हट्टानं टाळणाऱ्यावरच चालवायचं.

नागपूरचा याच्याशी थेट संबंध आहे, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. फॅमिली कोर्टातल्या एका पोटगीच्या भांडणातून, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठामार्गे, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 4 नोव्हेंबर 2020 ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी पूर्ण देशासाठी नियम घालून दिले: दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याचं एफिडेव्हिट टाकायचं, समोरच्यानं जास्तीत जास्त चार आठवड्यांत, दोनपेक्षा जास्त संधी नाही, शेतीवाल्यांना वेगळा नमुना. तरीही मुद्दाम तारखाच मागत राहिला तर बचाव काढून टाकता येतो, नाहीतर अर्जदाराच्या एफिडेव्हिटवरच निकाल.

आता सुटका कशी. मुदत संपली असली तरी सीपीसीच्या कलम 148 खाली कोर्ट एकूण 30 दिवस वाढवू शकतं, आणि कारण पार्टीच्या हाताबाहेरचं असेल तर त्यापुढेही, हे 2005 च्या सालेम बार असोसिएशनच्या निकालात आलंय. खरी गोम मात्र रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या कोर्टाच्या नोंदीत असते, कारण जज आधी तोच चाळतात आणि आधीच्या प्रत्येक तारखेला "वेळ द्या" एवढंच लिहिलेलं असेल तर "साहेब, कागद गोळाच करून राहिलो होतो" हे कोण ऐकणार? म्हणून नुसता माफीचा अर्ज टाकू नये, राहिलेलं एफिडेव्हिट किंवा कागद त्याच दिवशी सोबत जोडावेत, उशिराचं कारण तारखेनिशी लिहावं, दवाखान्याचे पेपर किंवा तहसीलच्या नकलेच्या अर्जाची पोच लावावी. मग समोरचा वकील से, म्हणजे त्यावरचं आपलं म्हणणं देतो, आणि बहुतेक वेळा गाडी कॉस्टवर, म्हणजे उशिरासाठी भरायच्या खर्चावर येऊन थांबते, ती भरली की पावती आणि पुरसिस, म्हणजे तसं कोर्टाला कळवणारा छोटा लेखी कागद. ज्याला आदेश निघायच्या आधीच अर्ज सुचतो त्याचं काम निम्मं सोपं, पण आपल्याकडे ते सुचतं कुणाला!

इंग्लंडात यासाठी वेगळा नियमच आहे, 2014 च्या डेंटन निकालापासून तिथं तीन गोष्टी बघतात, चूक किती गंभीर, कारण काय आणि एकंदर परिस्थिती. आपल्याकडे असा साचा नाही, पण इथला जजही साधारण हेच विचारतो.

कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहारांच्या दाव्यात मात्र सांभाळून. दाव्यासोबत न दाखवलेला कागद नंतर आणायचा तर सबळ कारण लागतं, आणि प्रतिवादीचं लेखी म्हणणं 120 दिवसांत आलं नाही तर हक्कच जातो, तिथं कॉस्ट भरून पण काही होत नाही, हे 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पक्कं केलंय. रूल 21 खालच्या आदेशावर अपील आहे, पण तिथंही वाचला जातो तो तोच रोजनामा.